यादीतली चौथी चूक

आधीच सांगून टाकतो, माझ्या चुलतभावाइतका चांगला माणूस आमच्या अख्ख्या शिवारात नाही, आणि हेच मला आयुष्यभर डाचत आलंय. तो जरा खडूस असता, शिष्ट असता, चार लोकांत मला कमी लेखणारा असता, तर माझं काम किती सोपं झालं असतं! बिनघोर जळता आलं असतं. पण हा गडी म्हणजे स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात टाकणारा. अशा माणसाचा हेवा करायचा आणि वर स्वतःचीच लाज वाटून घ्यायची. दुहेरी ताप नुसता.

आमच्या जन्मात पंधरा दिवसांचं अंतर. मी मोठा. कोपरगावच्या अलीकडे उसाच्या पट्ट्यात आमची वस्ती आहे. दोन घरं शेजारी शेजारी, एक आमचं आणि एक चुलत्यांचं. मधे अंगण एक आणि गोठाही एकच. चुलत्यांना आम्ही सगळेच नाना म्हणतो. त्यांना हा एकुलता एक. आमच्याकडे मी आणि पाठच्या दोन बहिणी, त्यामुळं आमच्या घरात कुठलीही वस्तू तीन ठिकाणी वाटून मग माझ्यापर्यंत यायची. पहिली सायकल त्याला आली, मी मागं कॅरिअरवर. पहिला मोबाईल त्याला आला, मी शेजारी बसून बघणार. आणि प्रत्येक वेळी तो म्हणणार, "घे की भावड्या, तुझंच हाय." तुझंच हाय म्हणे! ज्याचं असतं ना, त्यालाच असं म्हणता येतं.

एकच गोष्ट अशी होती की जिच्यात मी पुढं आणि तो मागं. कॉम्प्युटर. नोकरीला म्हणून मी नगरला आलो, सावेडीत एका ऑफिसात बिलांच्या एंट्र्या मारायला लागलो आणि तिथंच मला हे वेड लागलं. गेम खेळायचा कॉम्प्युटर, पण दुकानातला तयार नव्हे. एकेक सुटा भाग स्वतः निवडायचा, स्वतः जोडायचा. दोन वर्षं मी दुसरं काही वाचलं नाही. जेवायच्या सुट्टीत व्हिडिओ, बसमध्ये व्हिडिओ, खोलीवरचे दोघे क्रिकेट बघतायत तेव्हा कानात वायर घालून व्हिडिओ. एका वहीत मी माझ्या कॉम्प्युटरची यादी लिहिली होती, खोडून खोडून पानं फाटायला आली होती.

यात मजा अशी की नुसते भारी भारी भाग घेऊन चालत नाही. एकाचं दुसऱ्याशी जमावं लागतं. विहिरीवर मोटर मोठी आणि पाइप बारीक असं चालतं का? तसंच. प्रोसेसर म्हणजे मेंदू, तो ज्या मदरबोर्डावर बसतो त्याची खाच त्याच जातीची पाहिजे. रॅम बोर्डाला चालणारी पाहिजे. गेमची चित्रं उमटवणारं ग्राफिक कार्ड कॅबिनेटमध्ये, म्हणजे बाहेरच्या डब्यात, मावलं पाहिजे आणि या सगळ्यांना पुरेल एवढा दम पॉवर सप्लायमध्ये पाहिजे. आणि इतकं सगळं जुळलं तरी एखादी बारीक गोष्ट अशी राहते की सगळं मुसळ केरात. त्या बारीक गोष्टी मला तोंडपाठ होत्या. विकत घेतलेला भाग मात्र माझ्याकडे एकच होता. सावेडीतल्याच एका कॉलेजच्या मुलानं नवा घेतला म्हणून विकून टाकलेला, आधीच्या पिढीतला एक जुना प्रोसेसर. बिस्किटाएवढा. तो मी प्लॅस्टिकच्या डबीत घालून कपाटात कपड्यांखाली ठेवला होता आणि अधूनमधून काढून बघायचो. दोन वर्षांत माझ्या स्वप्नाचा एवढाच तुकडा हाताला लागला होता.

आणि मग त्या पावसाळ्याच्या शेवटी याचा फोन.

"भावड्या, आपुन कॉम्प्युटर घेतोय. गेमिंगचा. सुटं सामान आनून जोडायचा, तू सांगतो तसा."

मला क्षणभर वाटलं, चेष्टा करतोय. "कोन घेतंय?"

"आपुनच की! नाना हो म्हनले. खंडेनवमीला पुजायचा, तवा सुरू करायचा. तू दसऱ्याला आला की दोघं खेळू."

आपण! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं मी वही घासतोय आणि यानं जेवता जेवता नानांना विचारलं असणार, आणि नानांनी भाकरीचा घास न थांबवता मान हलवली असणार. मी फोनवर "अरे वा" म्हणालो. माझं ते अरे वा ऐकून समोरच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "कोणी गेलं का हो?"

यादी मीच तपासायची असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि त्याला कारणही होतं. आमच्याकडे शेतात सावड चालते. आज तू माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या रानात राबतो. पैसा नाही, लिहिणं नाही, नुसता शब्द. आम्ही दोघं लहानपणापासून सगळं सावडीनं करत आलो. त्याचा गृहपाठ मी, माझ्या वाटणीची गुरं तो. उन्हाळ्यात मी खोली बदलली तेव्हा हा भल्या पहाटे पिकअप घेऊन नगरला आला होता आणि तीन जिने चढून माझी लोखंडी कॉट पाठीवर नेली होती. म्हणजे आता पाळी माझी होती. सावडीच्या कामात अंग चोरणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत.

आठवड्यानं त्याची यादी आली. ऑफिस सुटायच्या वेळेला मी ती उघडली आणि, काय सांगू, असा जीव सुखावला! चुका होत्या. ग्राफिक कार्ड तीन पंख्यांचं निवडलेलं आणि कॅबिनेट एवढंसं, त्यात ते आडवं-उभं कसंही घातलं तरी मावलं नसतं. रॅम नव्या जातीची आणि बोर्ड जुन्या जातीची मागणारा. पॉवर सप्लाय असला मरतुकडा की गेम चालू झाल्याबरोबर त्यानं मान टाकली असती. रंगीत दिवे मात्र सगळीकडे, पंख्यांना दिवे, रॅमला दिवे. गणपतीचा मांडव घालायचा होता की काय कुणास ठाऊक.

मी तिन्ही चुका एकेक करून त्याला समजावल्या. चांगला अर्धा तास. "बापरे, भावड्या, तू नसता तर वाटोळंच हुतं," तो म्हणत होता आणि मी फुगत होतो. खरं सांगायचं तर त्या आठवड्यातली मला सगळ्यात आवडलेली घटका तीच.

मग त्यानं मदरबोर्डाच्या खोक्याचा फोटो पाठवला. तिकडच्याच एका बंद पडत चाललेल्या दुकानात त्याला हा बोर्ड स्वस्तात मिळत होता. सीलबंद, पण दोन-तीन वर्षं पडून असलेला. आणि प्रोसेसर त्यानं निवडला होता नव्या पिढीचा. दोघांची खाच एकच. बसायला अगदी फिट बसणार. पण बोर्डाच्या आत स्वतःचं एक छोटं सॉफ्टवेअर असतं, बायोस म्हणतात त्याला, आणि ते जुनं असलं की बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. दिवे लागतात, पंखे फिरतात आणि पडद्यावर काळोख. त्यासाठी आधी त्याच बोर्डावर एखादा जुना प्रोसेसर बसवून बायोस नवं करून घ्यावं लागतं. तसं आधीच केलेलं असलं तर खोक्यावर छोटं स्टिकर असतं. मी फोटो बोटांनी मोठा केला. चारी कोपरे बघितले. स्टिकर नव्हतं.

चौथी चूक. आणि ती दुरुस्त करणारा, त्याच खाचेचा जुना प्रोसेसर माझ्याच कपाटात, माझ्याच शर्टांखाली.

मी लिहायला घेतलं, "एक राहिलं बघ, बोर्डाचं..." आणि तेवढ्यात त्याचा मेसेज आला. कॉम्प्युटरसाठी नानांनी पुढची खोली रिकामी करून दिली, खिडकीला नवीन पडदा लावला, काकू, म्हणजे त्याची आई, भिंतीला रंग देतेय. पडदा! मी तिघांच्या खोलीत दाराजवळच्या कॉटवर झोपतो आणि याच्या कॉम्प्युटरला पडदा. मी लिहिलेलं पुसलं. "बाकी सगळं ओके. बिनधास्त घे," असं पाठवलं.

इथं मला खोटं बोलता येईल की विसरलो, घाईत होतो, बस पकडायची होती. पण नाही. मी अगदी शांतपणे बसून केलं ते. दसऱ्याला जायची बॅग भरताना ती प्लॅस्टिकची डबी घेतली, प्रोसेसर आणि त्याच्या पंख्यामधे लावायच्या थर्मल पेस्टची नळी घेतली आणि बायोसची नवी फाइल घातलेला पेनड्राईव्ह घेतला. बेत तयार होता. खंडेनवमीला त्याचा कॉम्प्युटर चार लोकांत बंद पडणार. एक दिवस त्याचं तोंड उतरलेलं मला बघायचं होतं, फक्त एक दिवस. दुसऱ्या दिवशी मी तो सुरू करून देणार आणि नाना पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणणार, पोरगं हुशार आहे. एवढंच हवं होतं मला. या बेतात कुणाचं नुकसान होतं का? मला तर तेव्हा कुणाचंच दिसलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे शेतातली सगळी हत्यारं धुऊन-पुसून पुजतात. कोयते, विळे, फवारणीचा पंप, पान्ह्यांचा संच. त्या सकाळी पुढच्या खोलीत चौरंगावर हे सगळं होतं आणि मधोमध कॉम्प्युटरच्या सामानाची खोकी रचलेली. काकूनं नवं लुगडं नेसून पूजा केली. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला. वस्तीवरची दहा-बारा माणसं गोळा झाली होती. नाना सगळ्यांना सांगत होते, "ह्याचं सगळं सामान आपल्या पुतन्यानं पास केलंय, नगरवाल्यानं." मी मान खाली घालून पॉवर सप्लायच्या वायरी सोडवत बसलो.

जोडताना मात्र मला लई मजा आली, हे कबूल केलंच पाहिजे. असं नवं कोरं सामान मी आयुष्यात पहिल्यांदा हाताळत होतो. बोर्डाचा तो वास, प्रोसेसर खाचेत अलगद बसला तेव्हाचा तो स्पर्श! माझं असायला पाहिजे होतं हे सगळं. माझ्या हाताला कळत होतं की कुठला भाग कसा धरायचा, आणि हा येडा हात फडक्याला पुसून पुसून मला विचारत होता, "ह्याला शिवू का रं?" रॅम त्याला बसवायची होती. मी म्हटलं, दाब जोरात. त्यानं दाबली आणि ती कट्ट करून बसली, तशीच बसते ती. दारात उभी असलेली काकू केवढ्यानं तरी "आगं बाई!" म्हणाली. मी हसलो.

मग बटण दाबलं. दिवे लागले. लाल, निळे, हिरवे. माणसांनी टाळ्या वाजवल्या. पंखे फिरायला लागले. मॉनिटरवर मात्र काहीच नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. "नो सिग्नल" असं दोनदा आलं आणि पडदा काळा.

माझ्या पोटात गारवा पडला. लाज वाटते लिहायला, पण अगदी उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसा. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. उतरलं होतं. ओठ आवळून तो वायरी हलवत होता. मी पण रॅम काढून घातल्यासारखं केलं, वायरी तपासल्यासारखं केलं, "काय झालंय कुणास ठाऊक" असं म्हणत कपाळाला आठ्या घातल्या. माणसं एकेक करून उठली. एक जण जाता जाता म्हणाला, "दिवे बाकी झकास लागलेत हां."

तेवढ्यात नानांना कॅबिनेटच्या कडेला कुंकवाचा डाग दिसला. बोटाएवढा. झालं.

"हे काय हाय? कुंकू! आतमंदी कुंकू टाकलं हिनं!" नाना सगळ्यांदेखत काकूवर कडाडले. "एवढं नाजूक सामान, अन् तू त्याच्यावर हळदकुंकू शिंपडती? अक्कल हाय का? तुजा हात लागला की वाटोळंच!"

तो डाग भावाच्या बोटाचा होता. मघाशी त्यानं टिळा लावलेल्या कपाळावरचा घाम पुसला होता आणि त्याच हातानं कॅबिनेट धरलं होतं, मी स्वतः बघितलं होतं. आता काकू बोलेल, असं मला वाटलं. ती एरवी नानांना चांगली पुरून उरते. पण ती एकदा लेकाकडं बघून खाली मान घालून म्हणाली, "पडलं आसंल माज्या हातून. चुकलं माजं."

आणि मी गप्प. बोलायचं तर सगळंच सांगायला लागलं असतं. नुसतं "कुंकवानं असं होत नाही" एवढं म्हटलं असतं तरी भावानं विचारलं असतं, मग कशानं? मी खाली बसून खोक्यातली थर्माकोलची भुकटी गोळा करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी ट्रॅक्टरची पूजा. दरवर्षी काकू पूजा करते, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर स्वस्तिक काढते. त्या दिवशी ताट माझ्या आईच्या हातात देऊन ती लांब उभी राहिली. "तुमीच करा बाई, माजा हात नगं." आई म्हणाली, असं काय करता? तर म्हणे, "नगं, उगं ट्रॅक्टर बी बंद पडायचा." हसत म्हणाली, पण हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. चहा करताना गॅसचं बटणसुद्धा ती पदरानं धरून फिरवत होती. मला वाटलं, जाऊ दे, संध्याकाळी सुरू करून दिला की सगळं विसरतील. लोक विसरतात. माझ्याकडून एवढाच विचार झाला.

दुपारी मी बॅग घेऊन पुढच्या खोलीत गेलो आणि भावाला म्हटलं, "माझ्या डोक्यात एक आलंय. बोर्डाचं बायोस जुनं असंल." डबीतला प्रोसेसर काढला, त्याचा नवा काढून तो बसवला, पेस्ट लावली, पंखा बसवला, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. भाऊ नुसता ओरडला. मग पेनड्राईव्ह लावून बायोस नवं केलं, माझा प्रोसेसर काढून डबीत घातला आणि त्याचा परत बसवला. चालू. अगदी सुरेख चालू.

"पेनड्राईव्ह तयार करूनच आनला हुता व्हय तू?" भावानं विचारलं.

"आसतो माझ्याकडं," मी म्हटलं.

"कमाल हाय तुजी!" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत शंका शोधली मी. एवढीशीही नव्हती. मला त्याचा रागच आला, माणसानं इतकं सरळ असावं का!

नाना धावत आले. मला मिठी मारली. आमच्या घरात पुरुष माणसं मिठ्याबिठ्या मारत नाहीत. "ह्यानं केलं! हिनं बिघडवलं अन् ह्यानं सुधारलं! आरं, पोरगं हाय का काय हाय!" अंगणात जाऊन ते रस्त्यानं जाणाऱ्यांना हाका मारून सांगायला लागले. हेच ऐकायचं होतं मला, लहानपणापासून. ऐकलं. आणि त्यातलं "हिनं बिघडवलं" तेवढं कानात अडकून बसलं, बाकीचं धड ऐकूच आलं नाही.

सोनं वाटायची वेळ झाली तेव्हा काकू माझ्याकडं आली. आपट्याचं पान हातात दिलं, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "माजी लाज राखलीस रं बाबा," म्हणाली. "न्हाई तर जलमभर ऐकावं लागलं आसतं मला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या पाया पडलो आणि तसाच बाहेर सटकलो. सीमोल्लंघनाला जातो म्हणून निघालो तर बांधापर्यंत गेलो आणि परत आलो. नानांचं कौतुक एकीकडं आणि ती बोटं मोडणं एकीकडं. कौतुक ठेवायचं असेल तर गप बसायचं, आणि गप बसलं की ती जन्मभर अपशकुनी हाताची ठरणार. मी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जळलो होतो आणि चटका बसला होता तिसऱ्याच माणसाला.

दिवस मावळता मावळता काकू गोठ्यात धार काढायला बसली होती. मी वासराचं दावं धरून शेजारी उभा राहिलो.

"काकू, तुझ्या कुंकवानं कायबी झालं नव्हतं."

ती धार काढत राहिली. "म्हाईत हाय मला."

"म्हाईत हाय?"

"आतल्या सामानाला मी शिवलेसुदिक न्हाई. कुंकू लावलं ते खोक्यांना. खोकी पडल्यात बग तिकडं, जा, बगून ये."

"मग काल बोलली का न्हाईस? नाना एवढं बोलले तुला."

काकूनं हात थांबवला. "पोरानं त्ये दाबलं ना, अन् कट्टकन वाजलं. दारात हुते मी. मला वाटलं, मोडलं ह्याच्या हातून. एवढी मानसं जमल्याली, ह्यांचा सभाव असा तापट. पोराला चार लोकांत फाडून खाल्लं आसतं. म्हनलं, येऊ दे माज्यावर. माजं काय जातंय?"

आणि, माझी जात बघा, त्या क्षणाला मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर परत हेवा. पडद्याचा नाही, कॉम्प्युटरचा नाही. चूक केली असेल की नाही हेही न विचारता ती अंगावर घेणारं माणूस याच्या दारात उभं होतं. माझी आई मला जीव लावते, पण तिनं आधी विचारलं असतं, मोडलंस का? मी जन्मभर चुकीच्याच वस्तूंवर जळत आलो होतो.

"ते मोडलं नव्हतं," मी म्हटलं. "तसंच वाजतं ते. बोर्ड जुना हुता, त्याला नवा प्रोसेसर कळत नव्हता. आन् हे मला आधीपासून ठावं हुतं. त्यानं खोक्याचा फोटो पाठवला तवापासून."

काकूनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. गाय शेपूट हलवत होती, बादलीतल्या दुधावर फेस बसत चालला होता.

"मी पोरासाठी गप बसले," ती म्हणाली. "तू का गप बसलास?"

याला उत्तर एकच होतं आणि ते मी कधी कुणाला दिलं नव्हतं, वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. "जळत हुतो, काकू. लहानपनापासून जळतो मी त्याच्यावर."

मला वाटलं ती चिडेल, नाहीतर रडेल. दोन्ही नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, बादली बाजूला ठेवली. "मला कशाला सांगतो?" म्हणाली. "माजं काय घेतलं तू? आन् घेतलं बी आसंल तर म्या दिलं सोडून. ज्याला सांगायचं त्याला सांग." आणि घराकडं तोंड करून तिनं लेकाला हाक मारली.

तो पळतच आला. केस विस्कटलेले, हसू नुसतं कानापर्यंत. "आरं हितं काय करतो? चल की लवकर! सगळी पोरं बसल्यात, पर मी म्हनलं पयला गेम भावड्यानं खेळायचा. तुझ्याबिगर सुरू न्हाई केलं."

काकू बादली उचलून निघून गेली, आम्हा दोघांना सोडून. तो माझा दंड धरून ओढायला लागला. मी हात सोडवून घेतला.

"थांब," मी म्हटलं. "तुझी ती यादी मी नीट बघितली हुती. चौथी चूक मला तवाच दिसली हुती."